आत्या, चला

सकाळी नऊपर्यंत कोल्हापूरजवळच्या उचगावातली घरं गजबजलेली असतात. कुणाला गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळी गाठायची असते, कुणाला गांधीनगरात दुकान उघडायचं असतं, पोरांची शाळेची घाई वेगळीच. बाहेर पडता पडता सून सोप्यात बसलेल्या सासूला बजावते, "आत्या, उठू नकासा हं, पडशीला. सगळं हाताशी ठेवलंय." तांब्या, गोळ्या, रिमोट. मग दार ओढलं जातं आणि संध्याकाळपर्यंत घरात एकटा टीव्ही बोलत राहतो.

त्या बजावण्यात माया आहे. त्यातली भीतीही खरी आहे. पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांत साठी ओलांडलेले सर्वांत जास्त. ओली मोरी, रात्रीचा अंधार, सरकणारं पायपुसणं, डोळ्यातला मोतीबिंदू. एवढंसं निमित्त पुरतं आणि खुब्याचं हाड मोडतं.

पण बसवून ठेवल्याने पडणं टळत नाही. ज्या मांड्या माणसाला उठवतात, त्याच त्याचा तोलही सावरतात. त्यांना काम उरलं नाही की त्या झडतात. पाय डळमळले की भीती वाढते, भीती वाढली की उंबरा ओलांडवत नाही. शेजारीण दुरावते, देऊळ राहून जातं, भजन सुटतं. बोलायला कुणी नसलं की एकट्यापुरता घास करून खावासा वाटत नाही, आणि अंग आणखी उतरतं. अशक्तपणा आणि एकटेपणा असे एकमेकांना पोसत राहतात.

कोल्हापूरच्या मातीत हे वेगळं शिकवायला नको. आपल्या तालमीत पोर आधी बैठकांनी पाय घट्ट करतं, मग आखाड्यात उतरतं. खुर्चीतून सावकाश उठायचं, पुन्हा बसायचं, ही उतारवयातली बैठकच. १९९० साली बोस्टनच्या एका संस्थेत राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला. तो पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. नव्वदीतही स्नायू हाकेला ओ देतात. हाक मारणारं कुणीतरी हवं.

पंचाहत्तरी गाठलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. पण थांब्यापर्यंत पाय पोचले, तरच जोतिबाचं दर्शन.

मोरीत धरायला दांडी बसवावी, रात्री एक दिवा जळता ठेवावा, पायपुसणं घट्ट करावं, डोळे तपासून घ्यावेत. हे एका सुट्टीत उरकतं. रोज द्यायची गोष्ट एकच आहे. संध्याकाळी घरी आल्यावर चहा झाला की हात पुढे करायचा आणि म्हणायचं, "आत्या, चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." पहिल्या दिवशी चार घरं, मग गल्लीचं टोक, मग देऊळ.

वाटेत कुणीतरी दारातून विचारेल, "लई दिसांनी दिसलासा?" आत्या थांबतील. बोलणं लांबेल, स्वयंपाकाला उशीर होईल. होऊ द्यावा.