कोरी भूमी

आमच्या माहुरात कुठलीही गोष्ट बिघडली की तिच्यावर पहिला उपाय गडावर सांगतात आणि दुसरा बसस्टँडजवळ. पाऊस लांबला, मुलीचं लग्न जुळेना, म्हैस आटली, की आधी रेणुकामातेला साकडं घालायचं आणि मग जो कोणी माहीतगार असेल त्याचा उंबरठा झिजवायचा. सदतीस वर्षांच्या मास्तरकीत हा क्रम चुकलेला मी पाहिला नाही. त्यामुळे गेल्या भाद्रपदात माझा लॅपटॉप सुरू होईना, तेव्हा शेजारच्या काकूंनी ‘देवीला विडा बोला’ असं सुचवलं, याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढंच, की मी खरोखरच बोललो.

व्हायरस आला तो भाच्याच्या पेनड्राइव्हमधून. लग्नपत्रिकेचा मसुदा घेऊन आला होता. ‘मामा, जरा शुद्धलेखन बघून द्या.’ पत्रिकेत एकोणीस चुका होत्या. त्या मी काढल्या. विसावी माझ्या यंत्रात उतरली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर पडद्यावर कंपनीचं चिन्ह तेवढं उमटलं आणि तिथेच थांबलं. पुढे ना अक्षर, ना चित्र.

काकू डोकावून म्हणाल्या, ‘‘नुसतं मुखच आलं की हो गुरुजी! मागं वळून पाह्यलं असंल तुमी.’’

बाहेरगावच्या वाचकाला हा विनोद कळायचा नाही, म्हणून सांगतो. परशुराम जमदग्नीचा देह कावडीत घालून, दुसऱ्या पारड्यात आईला बसवून, रानोमाळ हिंडला. कारण पित्याच्या अंत्यसंस्काराला त्याला कोरी भूमी हवी होती. ती दत्तात्रेयांनी इथे, माहूरच्या डोंगरावर दाखवली. रेणुका सती गेली. पुढे आईच्या आठवणीने तो व्याकुळ झाला, तेव्हा आकाशवाणी झाली की आई डोंगरातून प्रकट होईल, पण मागे वळून पाहू नकोस. मुलगाच तो, पाहिलंन! तोवर मुख तेवढं वर आलं होतं. आजही गडावर मुखाचीच पूजा होते. आमच्या काकू पुराणाच्या इतक्या जवळ राहतात, की लॅपटॉपसुद्धा त्यांना त्यातूनच दिसतो.

दुसरा उपाय बसस्टँडजवळ होता. दुकानातला पोरगा माझाच विद्यार्थी. सातवीत पाढे चुकायचा. आता लोकांची यंत्रं बरी करतो. त्याने झाकण उघडलं, कळा दाबल्या आणि डॉक्टरसारखा ‘हं’ केला.

‘‘गुरुजी, पह्यलाच सेक्टर गेलाय.’’

मला त्यातलं जे कळलं ते असं : यंत्र जागं होतं तेव्हा आपण कोण आणि आता करायचं काय, हे त्याला ठाऊक नसतं. डिस्कच्या अगदी पहिल्या घरात एक चिठ्ठी असते, ‘पुढे अमुक ठिकाणी जाऊन वाच’ अशी. व्हायरसने ती चिठ्ठीच बिघडवली होती. शाळेच्या किल्ल्या कुठे टांगल्यात हे शिपायाने विसरावं, तसं. शाळा जागच्या जागी, पोरं फाटकापाशी, आणि आत कोणाला जाता येत नाही.

‘‘फॉरमॅट मारू. एकदम कोरं करून देतो.’’

‘‘आणि आतलं?’’

‘‘जाईल की! पण आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवरून चालू करून पायजे ते काढून घेऊ. फोटो न् आवाज समदे घेतो. हिशेबाच्या फायलीत मात्र व्हायरस लपून बसतो, एकेक तपासाया लागती. ज्या लागतातच त्या लिहून द्या.’’

मी स्टुलावर बसून लिहायला घेतलं. आईचा आवाज. (विडा कुटताना मी गुपचूप टिपला होता. त्यात खलबत्त्याचे ठोके आहेत आणि ‘कात कमी टाक की रे’ अशी एक दटावणी.) थोरलीच्या लग्नाचे फोटो. पेन्शनचा हिशेब. चौथी ओळ लिहिताना पेन अडलं. त्या फाइलचं नाव ‘दादा’.

ही फाइल मी २०१४ साली सुरू केली. आई आजारी पडली त्या साली. नांदेडच्या खेपा, दवाखान्याची बिलं, औषधं, गाडीभाडं असा एक रकाना माझा, एक दादाचा. दादाच्या रकान्यात दोन आकडे आणि बाकी शून्यं. २०१५ साली आई गेली. फाइल मात्र गेली नाही. उलट आता ती वाढीला लागली. ‘२०१६ : वर्षश्राद्धाला आला नाही.’ ‘२०१८ : थोरलीच्या लग्नात आहेर करून जेवायला थांबला नाही.’ रुपयांच्या रकान्यात राग भरत गेलो. व्हायरस तरी दुसरं काय करतो? नवीन काही घडवत नाही, आपल्याच प्रती काढत बसतो. दादाचं आणि माझं बोलणं आता दिवाळीला होतं, चाळीस सेकंद. त्यातली दहा रेंज नसल्यामुळे जातात.

या फाइलीत १९७८ची नोंद नाही. त्या साली माझ्या डी. एड.ची फी दादाने पहिल्या पगारातून भरली होती. तेव्हा लॅपटॉप नव्हता, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण मागच्या तारखेची नोंद करायला लॅपटॉप कधी नाही म्हणत नाही.

माझी कुचंबणा ओळखून पोरगा गप्पा मारू लागला. व्हायरसचा इतिहास त्याला पाढ्यांपेक्षा चांगला पाठ. म्हणाला, पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस ‘ब्रेन’, १९८६चा. तोही पहिल्या घरातच शिरायचा. तो लिहिला लाहोरच्या दोन सख्ख्या भावांनी, आपल्या प्रोग्रामच्या चोरून प्रती काढणाऱ्यांना अद्दल घडावी म्हणून; आणि आत स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबरसुद्धा घातला. आणि पुढे १९९०च्या दशकात पुण्यात ‘क्विक हील’ ज्यांनी काढलं तेही दोघे भाऊच. थोरले कैलास काटकर कॅलक्युलेटर दुरुस्त करणारे, आणि धाकट्या संजय यांनी व्हायरस मारायचा प्रोग्राम लिहिला.

‘‘म्हंजे रोग भी भावाभावांचा न् औषध भी भावाभावांचं,’’ तो म्हणाला आणि चहा सांगायला गेला. पाढे चुकणाऱ्या पोरांना बाकी बरंच कळतं.

मनात आलं, चौथी ओळ लिहूच नये. फाइल जाईल, राग जाईल. क्षमा करायचं काम परस्पर व्हायरस करून टाकेल. पण मास्तराची खोड! लगेच प्रश्न पडला : याला क्षमा म्हणायचं? खिसा कापला गेला म्हणून त्याला दानधर्म कोणी म्हणत नाही.

आणि मग वर्गात शेकडो वेळा सांगितलेली गोष्ट आठवली. बापाच्या आज्ञेने परशुरामाने आईचा वध केला. बाप प्रसन्न झाला. मुलाने वर मागितला, की आई जिवंत व्हावी आणि वधाची तिला आठवणही राहू नये. महाभारताच्या वनपर्वात तसं आहे. मी हे नेहमी मातृभक्तीचा दाखला म्हणून सांगत आलो. त्या दिवशी स्टुलावर बसून पहिल्यांदा वाटलं, की रेणुकेला कोणी विचारलंच नाही. बाई, तुला विसरायचं आहे का? कदाचित तिला आठवून क्षमा करायची असेल. आठवणच काढून घेतली, तर क्षमा कशाची करणार? देवीपुढे उभा राहून हे बोलायची माझी छाती नाही. कागदावर लिहितो आहे.

मी चौथी ओळ लिहिली.

संध्याकाळी लॅपटॉप मिळाला. फाइल साफ होऊन, जशीच्या तशी. म्हटलं, ‘‘आता ही मीच पुसतो. डिलीट केली की गेली ना?’’

पोरगा हसला. ‘‘जुनी डिस्क आहे गुरुजी. पुसलं की नुसतं यादीतलं नाव जातं. ‘ही जागा मोकळी’ असं लिहून ठेवते ती. जुनं तिथंच राहतंय. त्यावर नवं काही लिहिलं की मग जातं.’’

‘‘आणि नवं काही लिहिलंच नाही तर?’’

‘‘तर राहतंय की!’’

सातवीत मी याला छड्या मारल्या होत्या. त्याच्या रकान्यात त्याने त्या मांडल्या असतील का, असं विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

रात्री दादाला फोन केला. दिवाळी नव्हती, म्हणून तो घाबरला. ‘‘कोण गेलं रे?’’

‘‘कोणी नाही. दादा, तुझ्या नावाचा एक हिशेब माझ्याकडं आहे.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. रेंज गेली असं वाटलं. मग म्हणाला, ‘‘तुझ्या नावाचा माझ्याकडंही आहे. वहीत.’’

‘‘किती पानं?’’

‘‘वही भरली. दुसरी आणायचं जिवावर आलं म्हणून थांबलो.’’

आम्ही दोघंही हसलो. किती सेकंद, ते मोजलं नाही.

नवरात्रात दादा आला. गुडघे धरून, दर दहा पायऱ्यांवर ‘बस रे’ म्हणत गड चढला. बोललेला विडा वाहिला. घरी आल्यावर खलबत्ता काढला आणि प्रसादाच्या वाटपासाठी आणखी कुटायला बसलो. कात किती, यावरून आमचं भांडण झालं. आईचा आवाज लावून निकाल घेतला. ती दादाच्या बाजूने होती. पायरीवर धापा टाकत बसलेल्या दादाचा फोटो काढलाय, तो लॅपटॉपमध्ये ठेवला.

वही आणली होती का, हे मी विचारलं नाही. फाइल आहे का, हे त्याने विचारलं नाही. तुम्ही विचाराल, म्हणून सांगतो : ही जागा मोकळी आहे, एवढं लिहून ठेवलंय.