पदवी, पद आणि अमानत



अकोल्याहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत शिक्षकांचा एखादा घोळका बहुधा भेटतोच. कोणी मूर्तिजापूरला उतरतो, कोणी पुढे अमरावतीला जातो. त्यांच्या बोलण्यात काही विषय हटकून येतात. एम.एड.ला प्रवेश कोणी घेतला, मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका कोणी पूर्ण केली, बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी कोणाला लागू झाली. संसार असलेल्या माणसाने वेतनाची चिंता करावी, यात गैर काही नाही. तरीही एक प्रश्न उरतो. इतकी वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला शिक्षक पुन्हा विद्यार्थी होतो आणि शाळेच्या नेतृत्वाचे शिक्षण घेऊ लागतो, तेव्हा तो काय मागत असतो? ज्ञान की खुर्ची?

हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नाही. त्याच्यासमोरच्या बाकावर आपलेच मूल बसलेले आहे.

वरवर पाहता इस्लामी शिकवणीत याची दोन उत्तरे दिसतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या सोबत्यांना अधिकारपद मागण्यापासून परावृत्त केले. मागून मिळालेल्या पदाचा भार माणसाला एकट्याने वाहावा लागतो आणि न मागता आलेल्या जबाबदारीत अल्लाहचे साहाय्य लाभते, असा त्या उपदेशाचा आशय आहे. दुसरीकडे कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) स्वतःहून राजाकडे कोठारांची व्यवस्था मागताना दिसतात. मग खरे काय?

प्रसंग नीट पाहिला की विरोध मावळतो. हजरत यूसुफ (अ.) यांनी राजापुढे आपले कूळ सांगितले नाही, भोगलेल्या तुरुंगवासाची भरपाईही मागितली नाही. त्यांनी दोनच गोष्टी पुढे ठेवल्या : आपण राखण करणारे आहोत आणि आपल्याला जाण आहे. समोर दुष्काळाची वर्षे होती आणि लोकांच्या मुखी अन्न पडण्याचा प्रश्न होता. पदाची हाव निषिद्ध आहे. जबाबदारीसाठी स्वतःला लायक बनविणे मात्र कर्तव्य ठरू शकते. आणि शिकण्याला वयाची वा मानाची आडकाठी नाही. हजरत मूसा (अ.) हे प्रेषित होते, एका समाजाचे नेते होते. तरीही सूरह कहफमध्ये ते ज्ञानासाठी लांबचा प्रवास करतात आणि शिष्य होऊन उभे राहतात.

शिक्षकाचे नेतृत्व मुख्याध्यापकाच्या दालनात सुरू होते, असा आपला समज असतो. वस्तुतः ते वर्गातच सुरू होते. नव्या सहकाऱ्याच्या तासाला मागे बसून त्याची चूक एकांतात, आपुलकीने सांगणारा शिक्षक नेता असतो. उर्दू शाळेतील मुलाला मराठीचे अक्षर ओळखता येते, पण मराठीतून बोलता का येत नाही, हा प्रश्न केंद्राच्या शिक्षण परिषदेत उभा करणारा नेता असतो. सातवीनंतर शाळेत न आलेल्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या वडिलांशी अदबीने बोलणारी शिक्षिकाही नेता असते. या कामांना सद्भावना पुरत नाही. मूल्यमापन कसे करावे, मुलाचे मन कसे घडते, शाळेचा कायदा आणि हिशेब काय सांगतो, हे शिकावेच लागते. त्यासाठीच उच्च शिक्षण आहे.

मात्र या वाटेवर एक खड्डा आहे आणि त्याविषयी आपण मोकळेपणाने बोलत नाही. २०१५ पासून एम.एड. दोन वर्षांचे झाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांनुसार त्याच्या तासांना किमान ८० टक्के उपस्थिती लागते. मग एकाच दिवशी, एकाच वेळी, शाळेच्या हजेरीपटावर आणि महाविद्यालयाच्या हजेरीपटावर एकाच माणसाची सही कशी उमटते? शोधनिबंध दुसऱ्याकडून लिहून कसा घेतला जातो? सूरह मुतफ्फिफीन मापात पाप करणाऱ्यांना कठोर इशारा देते. आपण तो इशारा किराणा दुकानाच्या तराजूपुरता ठेवला. शिक्षकाचे माप म्हणजे त्याचा तास. पगार पूर्ण घेऊन तास अपुरा देणे हेही मापात मारणेच आहे आणि नुकसान ज्याचे होते, त्या बालकाला तक्रारही करता येत नाही. रीतसर अध्ययन रजा आहे, दूरशिक्षण आहे, रात्रीचे वाचन आहे. ही वाट लांबची असेल, पण ती हलाल आहे.

आता थोडे संस्थाचालकांविषयी. महाराष्ट्रातील खाजगी शाळांत मुख्याध्यापकपद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने जाते. पण १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमातील कलम ३ (२) प्रमाणे अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाची भरती त्या अधिनियमाच्या बाहेर ठेवलेली आहे. म्हणजे अमरावती असो, अकोला असो, बाळापूर वा अचलपूर असो, आपल्या संस्थांना प्रमुख निवडण्याचे मोठे स्वातंत्र्य आहे. शासनाचा हात जिथे सैल होतो, तिथे अल्लाहपुढचा हिशेब अधिक कडक होतो. अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन कराव्यात, अशी आज्ञा सूरह निसामध्ये आहे. कारभार नालायकांच्या हाती जाणे म्हणजे अमानत वाया जाणे, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे. पुतण्या, जावई किंवा देणगीदाराचा मुलगा ही नाती आहेत, पात्रता नव्हे.

आणि पदवी तरी संपूर्ण पात्रता आहे काय? इमाम गझाली (रह.) यांना इ.स. १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशाचे अध्यापकपद मिळाले. त्या काळी याहून मोठा मान क्वचितच असेल. चारच वर्षांनी त्यांनी आपली नियत तपासली. आपल्या शिकविण्यामागे अल्लाहची प्रसन्नता कमी आणि कीर्तीची ओढ अधिक आहे, असे त्यांना आढळले आणि १०९५ मध्ये त्यांनी बगदाद सोडले. पुढे ११०६ मध्ये ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. काम तेच होते, बदलली होती नियत.

म्हणून प्रवेशअर्ज भरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारावे : या शिक्षणानंतर पद मिळाले नाही, वेतनवाढ मिळाली नाही, तरी आज शिकलेले मी उद्या माझ्या वर्गात नेईन काय? उत्तर ‘होय’ असेल, तर त्याचा गाडीतला थकवाही इन्शा अल्लाह इबादतीत गणला जाईल.

कुटुंबीयांनो, आपल्या घरातील शिक्षिका रात्री पुस्तक उघडून बसली असेल, तर त्या रात्रीची भांडी दुसऱ्या कोणीतरी घासावीत. तिच्या अभ्यासाचा लाभ अनेक घरांतील मुलांना होणार आहे आणि त्या पुण्यात आपलाही वाटा राहील.

अल्लाह आपल्या शिक्षकांच्या ज्ञानात भर घालो, त्यांची नियत शुद्ध ठेवो आणि आपल्या शाळांची अमानत हक्कदारांच्या हाती राखो. आमीन.