तीन मतांची अट

ज्यूलियस न्येरेरे यांनी शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चे स्वाहिली भाषांतर केले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाचे नाव ‘माबेपारी वा वेनिसी’. त्यातला ‘बेपारी’ आपल्याला ओळखीचा वाटतो. गुजराती ‘वेपारी’ समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत गेला आणि तिथे त्याला ‘भांडवलदार’ हा अर्थ चिकटला. मूळ शीर्षकातला एक व्यापारी स्वाहिलीत अनेक भांडवलदार होऊन बसला. भाषांतर हाच माझा व्यवसाय असल्याने या शीर्षकापाशी मी नेहमी थबकते. दुसऱ्याच्या वतीने बोलताना आपण आपले किती मिसळावे? भाषांतरकार तेव्हा टांझानियाचा राष्ट्राध्यक्ष होता, आणि हा प्रश्न त्याच्या राजकारणालाही विचारावासा वाटतो. लोकांच्या वतीने नेत्याने कोणती तडजोड करावी, आणि तिची किंमत कोणी मोजावी?

१९५८च्या जानेवारीत हा प्रश्न ताबोरा गावी अगदी उघडपणे उभा राहिला. टांगानिका तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली ब्रिटिशांच्या ताब्यात होता. सरकारने विधिमंडळाच्या निवडणुका जाहीर केल्या, पण अट विचित्र होती. प्रत्येक मतदाराने तीन मते द्यायची : एक आफ्रिकी, एक आशियाई आणि एक युरोपीय उमेदवाराला. तिन्ही दिली नाहीत तर मतपत्रिका बाद. आफ्रिकी लोकसंख्या ऐंशी लाखांच्या वर, युरोपीय वीस हजारांच्या आसपास. प्रतिनिधित्व मात्र सारखे. शिवाय मतदानासाठी शिक्षणाची किंवा उत्पन्नाची अट, म्हणजे बहुसंख्य आफ्रिकी यादीच्या बाहेरच.

न्येरेरे यांच्या ‘टानू’ पक्षाचे बहुतेक प्रतिनिधी बहिष्काराच्या मनःस्थितीत आले होते. त्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. वंशावर उभी असलेली व्यवस्था नाकारायची आणि तिचीच मतपत्रिका भरायची, हे कसे? अन्यायाच्या नियमांनी खेळणाऱ्याने ते नियम मान्य केले, असेच जग समजते. न्येरेरे यांचे उत्तर व्यवहारी होते : आपण बाहेर राहिलो तर गव्हर्नरच्या आशीर्वादाने निघालेला पक्ष सगळ्या जागा घेईल आणि तोच लोकांचा आवाज ठरेल. बऱ्याच चर्चेनंतर परिषदेने त्यांचे म्हणणे स्वीकारले. झुबेरी म्तेम्वु यांना ते पटले नाही. त्यांनी पक्ष सोडून आपला वेगळा पक्ष काढला. निवडणुकीत टानू आणि टानूच्या पाठिंब्यावरचे आशियाई व युरोपीय उमेदवार सर्वत्र विजयी झाले. ९ डिसेंबर १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला.

यशामुळे हा निर्णय नैतिक ठरला, असे म्हणणे सोपे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. यश हा नशिबाचाही भाग असतो. उद्या डाव फसला असता तर तोच निर्णय अनैतिक झाला असता काय? मला त्याचे समर्थन दुसरीकडे दिसते. ताबोऱ्यात न्येरेरे यांना समोरच्यांचे मन वळवावे लागले. प्रतिनिधींना ‘नाही’ म्हणता येत होते, आणि म्तेम्वु ते म्हणून उजळ माथ्याने बाहेर पडू शकले. दुसरे असे की, वापरलेला नियम न्येरेरे यांच्या मनात मुरला नाही. ऑक्टोबर १९६१मध्ये नागरिकत्व फक्त आफ्रिकींना द्यावे अशी मागणी विधिमंडळात झाली, तेव्हा ते संतापून विरोधात उभे राहिले आणि सरकार हरले तर राजीनामा देऊ असे त्यांनी सांगितले. ज्या वंशवादाची मतपत्रिका नाइलाजाने भरली, तो उलटा करून स्वतःच्या घरात त्यांनी आणू दिला नाही.

पण माणूस एकाच निर्णयाचा नसतो. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा १९६२ सालीच आला. १९६५मध्ये एकपक्षीय राज्यघटना आली आणि म्तेम्वु यांच्यासारख्याला बाहेर पडून उभे राहायला जागाच उरली नाही. न्येरेरे यांचा आवडता शब्द ‘उजामा’, म्हणजे कुटुंबभाव. सुरुवातीला सामूहिक गावांत राहायला येणे ऐच्छिक होते. लोक पुरेसे येईनात, तेव्हा १९७३ साली तो हुकूम झाला. पुढच्या काही वर्षांत लाखो शेतकऱ्यांना हलवण्यात आले. काही ठिकाणी परत फिरता येऊ नये म्हणून घरे जाळली गेली. उद्देश वाईट नव्हता : शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी. ताबोऱ्यातलाही उद्देश चांगलाच होता. फरक एवढाच की, इथे किंमत मोजणाऱ्याला कोणी विचारले नाही. कुटुंबभाव हुकमाने आणायचा म्हटले की त्यातले कुटुंब निघून जाते आणि कर्ता पुरुष तेवढा उरतो.

ताबोऱ्यातली तडजोड हात मळवणारी होती, तरी मला ती स्वच्छ वाटते. उजामाचे स्वप्न स्वच्छ होते आणि त्याने जास्त माणसे दुखावली. म्हणून तडजोड केली की नाही, यापेक्षा ज्याच्या नावाने ती केली त्याला नकार देता येत होता का, हे मी आधी पाहते. व्हेनिसचा व्यापारी भांडवलदार केला म्हणून शेक्सपिअर तक्रार करायला येणार नव्हता. शेतकरी मात्र जिवंत होते, त्यांना विचारता आले असते.