पगार कुणाचा, पाप कुणाचं?

ओक्लाहोमाच्या ग्रीन कुटुंबाची 'हॉबी लॉबी' ही दुकानांची साखळी रविवारी बंद असते. लोकर, रंग, फ्रेमा, कागदी फुलं असा हौशी लोकांचा माल विकणाऱ्यांना रविवारच्या गल्ल्याची किंमत चांगलीच ठाऊक असणार, तरी बंद. त्यामुळे या घराण्याची श्रद्धा दिखाऊ आहे, असं सरकारी वकीलसुद्धा म्हणाले नाहीत. प्रश्न होता तेरा हजारांवर नोकरांच्या आरोग्यविम्याचा.

ओबामांच्या २०१० सालच्या आरोग्य कायद्याखाली निघालेल्या नियमांनी सांगितलं, की कंपनीच्या विम्यात गर्भनिरोधकांचा खर्च धरा आणि बाईकडून वर एक पैसा घेऊ नका. मान्यताप्राप्त पद्धती वीस. ग्रीन मंडळींचा आक्षेप त्यांतल्या चारांना: संबंधांनंतर घ्यायच्या दोन गोळ्या आणि गर्भाशयात बसवायची दोन साधनं, म्हणजे आपल्याकडची तांबी आणि तिची हार्मोनवाली बहीण. फलित बीज रुजू न देणं हा गर्भपातच, असा त्यांचा विश्वास. या गोळ्या मुख्यतः बीज बाहेर पडणंच लांबवतात, असं वैद्यकशास्त्र म्हणतं. पण श्रद्धा खरी आहे ना, मग ती शास्त्राला धरून आहे का, हे कोर्ट विचारत नाही. नियम मोडला तर दंड वर्षाला सुमारे ४७.५ कोटी डॉलर. ३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूनं कौल दिला. विरोधी मतात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी एक साधा हिशेब मांडला: तांबी बसवून घ्यायचा खर्च किमान वेतनावर राबणाऱ्या बाईच्या जवळजवळ महिन्याभराच्या पगाराइतका होतो.

ज्या कायद्याच्या आधारे हा निकाल लागला, त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. ओरेगनमध्ये व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या दोघांनी मूळ अमेरिकन लोकांच्या चर्चच्या विधीत पेयोटी हे निवडुंगाचं मादक द्रव्य प्रसाद म्हणून घेतलं. मालकानं त्यांना काढून टाकलं आणि बेकारभत्ताही मिळाला नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयानंही त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. देशभर ओरड झाली, डावे-उजवे एक झाले आणि १९९३ साली धर्मस्वातंत्र्याचा नवा कायदा आला. सिनेटमध्ये विरोधी मतं फक्त तीन. म्हणजे धर्मापायी नोकरी गमावलेल्या नोकरांच्या कैवारासाठी जो कायदा झाला, तो एकवीस वर्षांनी नोकराच्या विम्यातून औषध वगळायला मालकाच्या कामी आला. ही उलथापालथ मला निकालापेक्षाही बोचते.

हॉबी लॉबीच्या खटल्यात बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती अलिटो यांनी एक पर्यायही दाखवला होता. धर्मादाय संस्थांना सरकारनं आधीच एक पळवाट दिली होती: आपला आक्षेप एका फॉर्मवर लिहून द्या, पुढचा खर्च विमा कंपनी परस्पर बघेल. संस्थेचं नाव, अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा, पत्ता, सही. बस्स. पण 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या जोगिणींनी ती सही करायला नकार दिला. १८३९ साली फ्रान्समध्ये सुरू झालेला हा संघ गरीब म्हाताऱ्यांना सांभाळतो. त्यांचं म्हणणं, आमच्या सहीनं गोळ्यांचा रस्ता मोकळा होत असेल तर आम्हीही त्यात सामील. मला हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही. सही केली की आपण गुंतलो, ही भावना आपल्यालाही परकी नाही. पण अशा तर्काला अंत नसतो. 'मी देणार नाही' हेही कुणाला कळवायचं नाही, असं म्हटल्यावर त्यांच्याकडे नोकरीला असलेल्या बाईनं जायचं कुठं? २०१६ साली आठच न्यायाधीश उरलेल्या कोर्टानं, तुम्हीच आपसांत तोडगा काढा, म्हणून प्रकरण खाली पाठवलं. ट्रम्प सरकारनं सूट रुंद केली. जुलै २०२० मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ती टिकली. ७०,५०० ते १,२६,४०० बायकांचं संरक्षण जाईल, हा अंदाज खुद्द सरकारचाच.

या सगळ्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: विमा मालक 'देतो'. खरंच देतो का? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत पगारवाढीवर बंधनं आली. माणसं तर हवी होती. मग कंपन्यांनी पगाराऐवजी विम्याचं आमिष दाखवलं. पुढे त्यावर करसवलत मिळाली आणि आजारपण नोकरीला कायमचं बांधलं गेलं. म्हणजे हप्ता हा घामाचाच पैसा, दुसऱ्या वाटेनं आलेला. त्याच पगारातून बाईनं औषधाच्या दुकानात गोळ्या घेतल्या तर मालकाला पाप लागत नाही. विम्यातून घेतल्या की लागतं. हे मला पटत नाही. विवेक ज्याचा त्यानं जपावा, पण दुसऱ्याच्या मजुरीवर त्याचा हक्क चालू नये.

आपल्याला हा खटला परका वाटायचं कारण नाही. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मिशनरी कॉलेजच्या चालकांना ते खपलं नाही आणि १९२५ साली कर्व्यांची नोकरी गेली. पुढे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवताना ते कर्जबाजारी झाले, कोर्टाच्या पायऱ्या चढले. तिथं एकदा त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. आणि मालक धार्मिकच असावा लागतो असंही नाही. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. सरकारी नोकरीच्या अर्जासोबत लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र मात्र २००५ च्या नियमांपासून लागतंच. तिथला मालक गोळी देत नाही, इथला मालक मुलं मोजतो. दोघांनाही पगार देण्यापलीकडे काही दिसू नये, इतकंच माझं म्हणणं.

तुमची मुलगी किंवा सून अमेरिकेत नोकरी धरत असेल, तर एक करा. तिथं चर्चच्या रुग्णालयांच्या मोठमोठ्या साखळ्या आहेत आणि आपले कितीतरी डॉक्टर तिथं काम करतात. नेमणुकीच्या पत्राबरोबर विम्याच्या लाभांचा लेखी सारांश मागून घ्यायला तिला सांगा, आणि गर्भनिरोधकांचं त्यात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचायला सांगा.