गायरान आणि टर्फ

पुलगावच्या माणसाला कुंपणाचं नवल नाही. लष्कराचा दारूगोळा डेपो गावाला लागूनच आहे. डेपो देशाचा, पण आत कुणालाही जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. २०१६ च्या मे अखेरीस तिथे आग लागली, माणसं गेली, तेव्हा त्या भिंतीआड केवढी जोखीम सांभाळली जाते ते साऱ्या देशाला दिसलं. मात्र ‘राष्ट्रीय’ म्हणजे ‘आत येऊ नका’, एवढाच अर्थ एखाद्या गावाच्या मनात बसू नये.

दिल्लीचं नॅशनल स्टेडियम मला म्हणूनच आठवतं. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ मध्ये बांधलेलं, तेव्हा व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचं. प्रजासत्ताक दिनाचं पहिलं संचलन २६ जानेवारी १९५० रोजी झालं ते इथेच. पुढच्याच वर्षी पहिले आशियाई खेळ इथे भरले. व्हाइसरॉयच्या नावाची जागा लोकांची झाली, कारण लोक तिथे येऊन बसले. २००२ मध्ये तिला ध्यानचंदांचं नाव मिळालं. ते १९२२ मध्ये शिपाई म्हणून भरती झाले आणि हॉकी शिकले ते फौजेतच.

पूर्वी मैदान गायरानासारखं असे. ज्याच्या हातात काठी, तो खेळाडू. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी गवतावरून कृत्रिम टर्फवर गेली. त्या वर्षी भारत सातवा आला. १९२८ पासून दर ऑलिंपिकला मिळणारं पदक पहिल्यांदाच हुकलं. कारणं इतरही होती. तरी टर्फला कोट्यवधी रुपये लागतात, आणि सामन्याआधी ते पाण्याने भिजवावं लागतं. वैशाखात हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या विदर्भाला हे कसं सांगायचं? स्टेडियम भव्य होत गेलं आणि गायरान आटत गेलं, याचं मला मनापासून दुःख आहे.

पुलगावला टर्फ मिळालं तर आनंदच आहे. पण आधी मुरूम दाबलेलं, रोज पाणी मारून झाडलेलं, फाटक उघडं असलेलं एक मैदान हवं, आणि ते राखणारा पगारी माणूस हवा. चार ऑलिंपिक खेळलेला धनराज पिल्ले खडकीला वाढला, लष्करी कारखान्याच्या वसाहतीत. मोडक्या स्टिकांनी तो खेळ शिकला. त्याचे वडील तिथलं मैदान राखत असत.