घायाळांचा क्रम

सन १८०३ च्या २९ नोव्हेंबर रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव करून जनरल वेलस्ली गाविलगडाच्या रोखाने निघाला. गडाखाली जितके लवकर पोचावे तितके त्याच्या हिताचे होते. तथापि ५ डिसेंबरला अचलपूर गाठल्यावर तो दुसरा दिवसभर तेथेच थांबला, आणि तो कशासाठी, तर अडगावच्या लढाईतील घायाळांसाठी रुग्णालय उभारण्याकरिता. पुढे १५ तारखेस गाविलगड पडला. चिखलदऱ्यास जाणारी आम्हां अमरावतीकरांची मंडळी गडाचे दरवाजे पाहतात, बेनीसिंग किल्लेदाराची कथा ऐकतात व संध्याकाळी परततात; अचलपूरच्या त्या एका दिवसाची विचारपूस कोणी करीत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे केली नव्हती.

हा एक दिवस दयेचा म्हणावा की हिशेबाचा? घायाळांच्या डोल्या बरोबर घेऊन डोंगर चढणारी फौज मंदावते. तेव्हा त्यांस मागे ठेवणे ही दयाही होती आणि युद्धनीतीही. शिवाय ते घायाळ स्वपक्षाचे. याच फौजेच्या घोडदळाने अडगावच्या रात्री चांदण्यात पळणाऱ्यांचा कोसगणती पाठलाग करून त्यांची कत्तल केली होती. त्याच सेनापतीचा हुकूम रणांगणावर एका रीतीने चालला व अचलपुरात दुसऱ्या, आणि त्यात कोणास विसंगती वाटली नाही. सैन्यातील वैद्यकाचा सारा नैतिक पेच या एका आठवड्यात सामावला आहे, असे आम्हांस वाटते.

हा विषय आज काढण्यास कारण घडले ते असे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा, राहणारा अकोल्याचा, वैद्यकाची पदवी घेऊन सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल होण्यास निघाला होता. जाण्यापूर्वी तो भेटावयास आला. पाया पडून बसला, चहा झाला, आणि मग त्याने एक प्रश्न पुढे केला. तो म्हणाला, "सर, तंबूत तिघा प्रकारचे घायाळ आले. एकाच्या पोटात गोळी आहे. लगेच शस्त्रक्रिया केली तर वाचेल, पण पुन्हा बंदूक धरणार नाही. चौघांच्या जखमा किरकोळ आहेत. टाके घातले की तासाभरात मोर्च्यावर उभे राहतील. आणि एक शत्रूचा आहे. वरून हुकूम आला, की चौघांना आधी घ्या. मी काय करावे?"

यातील शत्रूचा भाग सर्वांत सोपा. व्यवहारात तो सोपा असतो असे नव्हे. ज्याने आपल्या सोबत्यास मारले त्याच्या जखमेवर पट्टी बांधताना हात थरथरत नसतील असे कोण म्हणेल? परंतु कर्तव्य काय, याविषयी आता वाद उरलेला नाही. नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे हा हुद्दा व राष्ट्र न पाहता जखमेच्या गांभीर्यावर क्रम लावीत असे. सोल्फेरिनोच्या १८५९ च्या लढाईनंतर हजारो घायाळ विव्हळत पडलेले पाहून आंरी द्युनां या व्यापाऱ्याने जी चळवळ आरंभिली, तिच्यातून १८६४ चा जिनीव्हा करार झाला. १९४९ च्या करारात तर स्पष्टच लिहिले गेले, की उपचारांचा अग्रक्रम केवळ वैद्यकीय निकडीवरून ठरावा. भारताने तो करार स्वीकारला व १९६० साली त्यासाठी कायदाही केला. म्हणजे पोटात गोळी लागलेला आधी, हे उत्तर कागदावर तयार आहे.

परंतु त्या तरुणास कागद ठाऊक होता. त्याचा प्रश्न कागदापलीकडचा होता. ते चौघे परत गेले नाहीत म्हणून ठाणे पडले, तर तंबूतले सगळेच मरतील. मग एकाच्या प्राणासाठी पन्नासांचे प्राण घालविण्यात कोणती नीती? वर्गात अधिकांच्या अधिक सुखाचा सिद्धांत आम्ही तीस वर्षे शिकविला. त्याच्यावरचे आक्षेप पाठ म्हणून दाखविणे निराळे, आणि उद्या ज्याच्या हाती शस्त्र येणार अशा मुलाच्या डोळ्याला डोळा देऊन ते मांडणे निराळे. त्या दिवशी आम्ही बराच वेळ गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे.

आम्हांस मग आठवले ते मेसोपोटेमियाचे. १९१५ च्या नोव्हेंबरात जनरल टाउनशेंडची पुणे डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने बगदादवर चालून गेली. तिच्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. टेसिफॉन येथे निकराची लढाई झाली आणि घायाळांची संख्या हजारांवर गेली. आता त्यांच्यासाठी काय योजना होती? योजना अशी होती, की बगदाद हाती येणारच, तेव्हा घायाळांस बगदादमध्येच ठेवावे. बगदाद हाती आले नाही. मग त्या जखमी शिपायांस, मोडलेल्या हातापायांनिशी, कमानी नसलेल्या खेचरांच्या गाड्यांत घालून खडबडीत वाळवंटातून नदीपर्यंत आणले. तेथून बोटींवर दाटीने कोंबून बसऱ्यास धाडले. बसऱ्यास 'वरेला' या रुग्णनौकेवर मेजर कार्टर नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर होता. 'मेजिदिये' ही बोट येताना त्यास तिच्या बाजूंना दोर लोंबत असल्यासारखे दिसले. बोट जवळ आल्यावर कळले, की ती वाळलेली विष्ठा होती. जागचे हलू न शकणाऱ्या शेकडो माणसांना कित्येक दिवस तशाच स्थितीत आणले गेले होते. इकडे वरिष्ठांकडून गेलेल्या तारेत मात्र घायाळांची व्यवस्था उत्तम झाल्याचे कळविण्यात आले होते!

कार्टरने पाहिले ते वरिष्ठांस सांगितले. त्याचे फळ म्हणून त्यास अटकेची व नौकेवरून काढण्याची धमकी मिळाली. तो नमला नाही. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला. ज्यांचे हाल झाले त्या मराठा शिपायांस या राजीनाम्याचा कितीसा उपयोग झाला, हे निराळे.

या प्रकरणाकडे लोक सहसा अव्यवस्थेचे उदाहरण म्हणून पाहतात. आम्हांस त्यात त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर दिसते. घायाळांची सारी व्यवस्था एका भाकितावर उभी होती: आपण जिंकणार. भाकीत सेनापतीचे, आणि ते चुकल्याची किंमत दिली शिपायांनी. "चौघे परत गेले तर ठाणे वाचेल" हेही भाकीतच आहे. ते खरे ठरेल, खोटेही ठरेल. डॉक्टरला त्यातले काही कळत नाही. परंतु या पोटातून रक्त वाहते आहे व अर्ध्या तासात हा मरेल, हे त्याला कळते. ज्याचे ज्ञान आहे त्यावर कृती करावी, ज्याचे नाही त्यावर दुसऱ्याचा जीव लावू नये. तंबू कोठे ठोकावा, किती डोल्या द्याव्या, केव्हा मागे सरावे, हे सेनापतीने ठरवावे. मेजावर पहिला कोण, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नाही, कारण त्यास लागणारे ज्ञान त्याच्यापाशी नाही.

आणि पाहिलेले सांगावे. त्याच १९१५ साली फ्रान्समधील रणांगणावरून परतलेले हिंदी शिपाई युद्ध चुकविण्यासाठी स्वतःच्याच हातावर गोळी झाडून घेतात, असा संशय वरिष्ठांत पसरला होता. ब्रायटनच्या किचनर रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी एक हजार जखमा तपासल्या व त्या संशयास आधार सापडत नाही असा अहवाल दिला. वैद्याला गुप्त पोलीस करण्याचा तो प्रकार होता. निदान या प्रसंगी जखमेने दिलेली साक्ष वैद्याने बदलली नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग डॉक्टरने युद्धात पक्षच घेऊ नये. हे आम्हांस मान्य नाही. १९३८ च्या सप्टेंबरात राष्ट्रसभेने चीनला जे पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. चीनवर जपानने आक्रमण केले होते आणि हे पथक चीनच्याच बाजूने गेले. त्यात लपवाछपवी नव्हती. काही सहकारी परतल्यावरही कोटणीस राहिले. शस्त्रक्रिया करताना बोट कापून विषबाधेने १९३९ साली मरण पावलेल्या डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये प्रमुख झाले, तेथील परिचारिकेशी त्यांनी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. न्याय कोणाचा, हे त्यांनी मनाशी ठरविले होते व त्याप्रमाणे ते वागले. मन तटस्थ असावे अशी डॉक्टरकडून अपेक्षा नाही. हात तटस्थ असला म्हणजे झाले.

महात्माजींचा आक्षेप मात्र इतक्या सहजी सुटत नाही. घायाळांची सेवा करणारा युद्धाच्या दोषातून मुक्त होत नाही, असे त्यांनी आत्मकथेत स्वच्छ मान्य केले आहे. कारण शिपाई बरा होतो तो पुन्हा लढण्यासाठीच. आणि हे मानूनही त्यांनी १८९९ साली बोअर युद्धात अकराशे माणसांचे शुश्रूषापथक उभारले व १९०६ च्या झुलू बंडाच्या वेळीही इंग्रजांच्या बाजूने पथक नेले. तेथे त्यांच्या वाट्यास आले ते बहुतेक झुलूच, चाबकांनी फोडून काढलेले, ज्यांना गोऱ्या परिचारक शिवण्यास तयार नव्हत्या. ज्या गणवेशाने त्यांस दोषी केले, तोच गणवेश नसता तर त्या जखमांपर्यंत ते पोचलेच नसते. हा गुंता तर्काने सोडवू पाहणाऱ्यांविषयी आम्हांस कौतुक आहे. आमच्याच्याने तो सुटला नाही.

हे सारे आम्ही त्या मुलास सांगितले. येथे लिहिले तितके नीट अर्थातच नव्हे. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "सर, पण एखाद्या वेळी सेनापतीचे भाकीत खरे असले तर? ठाणे खरोखरच पडले तर?"

आम्ही म्हटले, "तर तुझ्या नियमामुळे माणसे मरतील, आणि ते तुला ठाऊक असेल."

त्याने मान हलविली. आतून घरातल्यांनी लाडवांचा डबा आणून दिला, तो त्याने पिशवीत घातला. साडेपाचची अकोल्याची बस गाठावयाची होती. आम्ही त्यास फाटकापर्यंत पोचविले.