सातबाऱ्यावर नसलेला हत्ती

जुलै २०२५मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक झाली, तेव्हा आपले सगळे लक्ष बारा किल्ल्यांकडे होते. रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग असे महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. यादीत नाव आले, पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. त्याच बैठकीत फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले कार्नाक हे समुद्रकाठचे गाव आणि त्याच्या आसपासचा किनारा यांनाही मानांकन मिळाले, तिथल्या उभ्या शिळांसाठी. किल्ल्यांच्या आनंदात ही दुसरी बातमी इथे कुणाच्या खिजगणतीत नव्हती. कोकणच्या दृष्टीने पाहिले तर शिकण्यासारखे तिच्यातच जास्त आहे.

कार्नाकला सुमारे तीन हजार शिळा लांबच लांब रांगांत उभ्या आहेत. सहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी त्या रोवल्या. कशासाठी, यावर विद्वानांचे एकमत नाही. गावाला मात्र उत्तर केव्हाच सापडले होते. संत कॉर्नेलीचा पाठलाग करणारे रोमन शिपाई त्याने जागच्या जागी दगड करून टाकले, तेच हे! आपल्याकडे असे काही दिसले की ते पांडवांच्या नावावर जमा होते. तर या शिळा १९९६पासून जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत होत्या. यादीत असतानाच, २०२३च्या जूनमध्ये, घरदुरुस्तीचे सामान विकणाऱ्या एका दुकानासाठी जमीन सपाट करताना ३९ लहान शिळा गेल्याचे एका स्थानिक संशोधकाने उघड केले. बांधकामाला परवानगी होती. त्या दगडांचे महत्त्व खात्रीलायक नव्हते, असे सरकारी सांस्कृतिक खात्याने नंतर सांगितले. दगड गेल्यावर त्यांचे महत्त्व मोजत बसण्यात काय हशील, हा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारला आणि तो बिनतोड आहे. फ्रान्ससारख्या देशात, जगप्रसिद्ध गावात, तात्पुरत्या यादीचा कागद एका दुकानाच्या पायाला अडवू शकला नाही.

कोकणातली कातळशिल्पे २०२२पासून त्याच तात्पुरत्या यादीत आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातले उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसईमळ अशी नऊ ठिकाणे. यादीबाहेरची ठिकाणे याहून कितीतरी जास्त आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कातळाचे सडे पायी तुडवून, गुराख्यांना विचारून दीड हजारांवर चित्रांची नोंद केली. हे काम कुठल्या मोठ्या विद्यापीठाने हाती घेऊन सुरू केले नाही, रत्नागिरीतल्या हौशी माणसांनी केले. महाराष्ट्रात इतिहासाची बरीच कामे अशीच होतात.

ही चित्रे उभी नाहीत, आडवी आहेत. जांभ्या दगडाच्या सपाट सड्यावर कोरलेली. कार्नाकची शिळा दुरून दिसते, तिला वळसा घालून जावे लागते. कातळशिल्पावर मात्र आपण उभे असतो आणि पायाखाली काय आहे ते कळत नाही. पावसाळ्यात रेषांमध्ये पाणी आणि गवत, उन्हाळ्यात माती. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांबीचा आहे. त्याच्या अंगाच्या रेषेच्या आत इतर पशू आणि जलचर दाटीवाटीने कोरले आहेत. जमिनीवर उभे राहून तो पुरता नजरेत मावत नाही, तरी काढणाऱ्याने त्याची बाह्यरेषा चुकू दिलेली नाही. दुसरीकडच्या चित्रांत मासे आहेत, कासवे आहेत, आणि आज कोकणात औषधालाही न सापडणारा गेंडा आहे. नांगर नाही, बैलजोडी नाही, पेरणी नाही. काढणारी माणसे शिकार आणि मासेमारी करून जगत होती, असा तर्क त्यावरून केला जातो आणि काळ दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे नेला जातो. हा काळ अभ्यासकांना अजून पक्का करायचा आहे. तो निम्म्यावर आला तरी शिवकाल त्या मानाने कालपरवाचा ठरतो.

त्याच कशेळीत कनकादित्याचे मंदिर आहे आणि शिलाहार राजा दुसरा भोज याचा ताम्रपट देवस्थानाने जपला आहे. ताम्रपट शतकानुशतके जपला गेला, कारण त्यात दान होते, राजाचे नाव होते, हक्क होता. हत्तीकडून कुणाला काहीच मिळत नव्हते. माझे म्हणणे इथून सुरू होते. भूतकाळ आपला वाटायला आपल्याला एखादे नाव लागते: राजाचे, देवाचे, निदान जातीचे. किल्ल्यांना शिवाजी महाराज आहेत, लेण्यांना बुद्ध आहे, शिव आहे. कातळावर चित्रे काढणाऱ्या माणसांचा कुणी वंशज नाही, त्यांची भाषा नाही, त्यांची जयंती नाही. त्यांच्यासाठी मोर्चा काढून कुणाची मते वाढत नाहीत. नाव असूनही हयगय होते, हे अलिबागजवळच्या अक्षीत दिसते. शके ९३४चा मानला जाणारा, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जाणारा तो दगड कित्येक वर्षे रस्त्याकडेला उन्हापावसात उभा होता. जिथे आपली भाषा इतक्या आधी बोलली तो दगड रस्त्याकडेला, मग जिथे अक्षरच नाही तिथली गत काय असणार? विदर्भातही हेच आहे. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगीन दफनांभोवती रचलेली तीनशेच्या आसपास शिळावर्तुळे आहेत आणि शेजारच्या शहरातल्या बहुतेकांनी ती पाहिलेली नाहीत. (१८७९मध्ये त्यांच्यावर लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचे आडनाव रिव्हेट-कार्नाक होते. योगायोग म्हणून सांगतो, यापलीकडे त्यात काही नाही.)

यावर कुणी म्हणेल, बारसूला तर कातळशिल्पांवरून रान उठले होते. उठले होते. नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१९मध्ये रद्द झाला, तो बारसू परिसरात आणण्याचे घाटले, आणि एप्रिल २०२३मध्ये माती परीक्षणाच्या वेळी बायाबापड्या सड्यावर आडव्या झाल्या. त्या दिवसांत दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला बारसूचा माणूस घरोघरच्या दूरचित्रवाणीवर पोचला. विरोधकांनी त्याला पुढे केले, समर्थकांनी ‘ही चित्रे आत्ताच कशी आठवली’ असे विचारले. प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांची मुख्य चिंता जमीन, पाणी, आंबा आणि मासळी ही होती आणि तेवढी कारणे पुरेशी होती. चित्रांना त्या भांडणात साक्षीदार म्हणून उभे केले गेले. भांडण थंडावले तसे साक्षीदाराला कुणी विचारीना. कातळशिल्पांना वाचवण्यासाठी दर वेळी एखादा राक्षसी प्रकल्प शत्रू म्हणून लागत असेल, तर प्रकल्प नसलेल्या सड्यांचे काय?

कारण बहुतेक सड्यांवर संकट येते ते प्रकल्पाच्या रूपाने येतच नाही. ते चिऱ्याच्या खाणीच्या आणि प्लॉटिंगच्या रूपाने येते. जांभ्याचा चिरा म्हणजे कोकणातल्या घराची भिंत. खाणीला वरचा थर आधी काढावा लागतो, म्हणजे चित्र आधी जाते आणि चिरा नंतर निघतो. यात कुणी दुष्ट नाही. सरकारदप्तरी ही जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीच्या उपयोगाची नाही. जिथे काही पिकत नाही तिथे काही आहे असे तलाठ्याच्या वहीला वाटत नाही. सातबाऱ्यावर विहीर येते, आंब्याची कलमे येतात, बँकेचा बोजा येतो. अठरा मीटरचा हत्ती येत नाही.

आणि त्या सातबाऱ्यावर नावे कुणाची असतात? पणजोबांच्या नावाखाली वीस-पंचवीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे विरार, डोंबिवली, पनवेलला. मी राहतो त्या सुकापुरात, माथेरान रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या इमारतींत, राजापूर, लांजा, देवगडची माणसे मजल्यामजल्यावर आहेत. गोव्याचा महामार्ग सुरू होतो तो पळस्पे फाटा इथून फार लांब नाही. गणपतीत आणि शिमग्यात अर्ध्या इमारतींना कुलपे लागतात. सड्याचा व्यवहार ठरतो तो अशाच एखाद्या दोन खोल्यांच्या घरात. एजंट येतो, ‘काका, कातळच आहे, तिथे गवत सोडून काय उगवतंय’ असे म्हणतो, मुखत्यारपत्रावर सह्या होतात. सही करणाऱ्याने तो सडा लहानपणी गुरांमागे पाहिलेला असतो किंवा पाहिलेलाच नसतो. कोकणातल्या या चित्रांचे भवितव्य पॅरिसपेक्षा सुकापूरसारख्या ठिकाणी जास्त ठरते, असे मी म्हणतो ते यामुळे.

मालकाला दोष देऊन भागणार नाही. जमिनीत चित्र आहे असे जाहीर केले की सरकार ती अडकवून ठेवील, ही त्याची भीती निराधार नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण, हे २०१०पासून कायद्यातच आहे. मालक गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्या जागी एक दिवस खाण लागते. नुसते कुंपण घालूनही प्रश्न सुटत नाही. कार्नाकला १९९१पासून शिळांभोवती जाळ्या लागल्या, तेव्हा आपल्याच शिळांपासून आपल्याला तोडले म्हणून गावकरी रागावले. त्या मानाने आपल्याकडे उक्षीने चांगले केले. तिथे हत्तीभोवती गावाच्या पुढाकाराने कठडा झाला. गावाने घातलेला कठडा आणि खात्याने घातलेली जाळी यांत फरक असतो.

माझ्या मते दोन गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत आणि त्यांना नवा कायदा लागत नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कातळशिल्पाची नोंद व्हावी, म्हणजे विकत घेणाऱ्याला, बँकेला आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला ‘माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही. आणि सड्यावर चिऱ्याच्या खाणीला परवाना देण्याआधी कुणीतरी जाणत्या माणसाने तो सडा चालून पाहावा. नोंद झालेल्या गुंठ्यांसाठी मालकाला वर्षाला काही भाडे मिळायला हवे, हे तिसरे, आणि खरे तर हेच पहिले व्हायला हवे. ज्याच्या जमिनीत वारसा आहे त्याने फुकट राखण करावी आणि पर्यटनाचे पैसे हॉटेलवाल्याने मिळवावेत, हा न्याय नव्हे. नोंद होणारे गुंठे मोजकेच असल्याने रक्कमही फार होणार नाही.

तोवर माझी विनंती माझ्यासारख्या चाकरमान्यांना आहे. मे महिन्यात गावी जाल तेव्हा सातबाऱ्याचा उतारा खिशात घालून आपल्या सड्यावर एक फेरी मारा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला सोबत घ्या. ‘पांडवांची चित्रं’ कुठे आहेत ते त्याला ठाऊक असते. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जा, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. चित्र सापडले तर त्यात खडू किंवा चुना भरू नका. फोटो काढा, गट नंबर लिहून घ्या आणि पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरी कार्यालयाला कळवा. मुखत्यारपत्रावर सही करायचीच असेल, तर ती त्यानंतर करा.